‘क’ला शेपूट नको

११ जुलै

धाकटे,

दोन वर्षांनी माझं अक्षर पाहून दचकू नकोस. घरी सगळे धडधाकट आहेत. खारू तिसरीत गेली. पुढचे दात आले, पण तेही खारीसारखेच आले, त्यामुळे नाव बदलायची वेळ आलेली नाही. तुझे भावजी आहेत तसेच आहेत, विचारलं तेवढंच बोलतात.

काल शाळेत परिपत्रक आलं. पहिलीच्या सगळ्या शिक्षकांनी पुढच्या महिन्यात तीन दिवसांच्या प्रशिक्षणाला जायचं. विषय ‘आवाज जोडून वाचन’, आणि खाली प्रशिक्षक म्हणून तुझं नाव. ब तुकडीच्या नव्या बाईंनी ते स्टाफरूममध्ये मोठ्याने वाचलं आणि मला विचारलं, ही तुमची बहीण ना? मी हो म्हटलं. फार अभिमान वाटतो, असंही म्हटलं. मग वह्या तपासायला घेतल्या आणि एकाच मुलीची वही दोनदा तपासली.

एकवीस वर्षं मी पहिलीला शिकवतेय. माझ्या हाताखाली शिकलेल्या मुली आता आपल्या मुलांना माझ्या वर्गात घालतात. आणि जिनं आमच्या शाळेत एक वर्षही पुरतं काढलं नाही, ती मला वाचायला कसं शिकवायचं ते शिकवणार. कानामागून आली नि तिखट झाली, ही म्हण मी मुलांना कितीदा समजावून सांगितली असेल. ती स्वतःला लागू होते तेव्हा कशी लागते, ते आता कळतंय.

तुझा अक्षरकार्डांचा पत्र्याचा डबा अजून आमच्या कपाटावर आहे. प्रशिक्षणाला लागेल म्हणून विचारते, पाठवून देऊ का? पत्राचं कारण तेवढंच.

आणि एक. तू गेलीस ती रागाने गेलीस. तुझ्या ब तुकडीला कोणते आवाज शिकवून झाले याची यादी तू लिहून दिली होतीस, ती तपासणीच्या दिवशी साहेबांना द्यायची माझ्याकडून राहून गेली. हे मी तेव्हाही सांगितलं होतं. घाईगर्दीत माणसाकडून राहतं. तेवढ्यावरून बहिणीशी बोलणं टाकायचं, हे मला तेव्हा पटलं नाही आणि आजही पटत नाही.

तुझी
ताई

२ ऑगस्ट

धाकटे,

उत्तर आलं नाही. डब्याचं काय करू तेही कळवलं नाहीस. ठीक आहे.

तू माझ्याविषयी लोकांना काय सांगत असशील याचा मी बराच विचार करते. म्हणून माझ्या बाजूने काय होतं ते एकदा लिहून ठेवते. पटलं नाही तर फाडून टाक.

तू आमच्याकडे राहायला आलीस तेव्हा मला आनंदच झाला होता. ब तुकडीच्या बाई रजेवर गेल्या, त्यांच्या जागी तुला घ्या म्हणून मोठ्या बाईंकडे शब्द मीच टाकला होता. मला वाटलं, धाकटी माझ्या वर्गात मागे बसेल, बघेल, हळूहळू शिकेल. तू एक दिवस बसलीस. दुसऱ्या दिवसापासून भिंतीपलीकडून आवाज यायला लागले. मऽऽ, सऽऽ, लऽऽ, मधमाश्यांच्या पोळ्यावर दगड मारावा तसे. माझी मुलं ‘क कमळाचा, ख खटाऱ्याचा’ म्हणता म्हणता थांबायची आणि भिंतीकडे बघायची.

मी तुला हसले होते, आठवतं? तू मुळाक्षरं क्रमाने शिकवायची नाहीस. म, ल, स, काना आणि दुसरी वेलांटी, एवढ्याच भांडवलावर पहिल्याच आठवड्यात मुलांना जोडायला लावायचीस. वर ‘लासी’, ‘मीला’ असले शब्द फळ्यावर लिहायचीस, ज्यांना काही अर्थच नाही. मी म्हटलं, अगं, निरर्थक शब्द वाचून पोरांना काय कळणार? तू म्हणालीस, अर्थ नाही म्हणूनच तर कळतं की पोर वाचतंय की आठवतंय.

ते वाक्य मला बोचलं. तेव्हा का बोचलं ते माहीत नव्हतं. महिन्याभराने कळलं.

खारू माझ्याच वर्गात होती. पुस्तक उघडून, ओळीखाली बोट धरून, घडाघडा वाचायची. मी तिला वर्गापुढे उभी करायचे. एका संध्याकाळी ती तुझ्यापुढे वाचत होती आणि तू गमतीने दोन पानं एकदम उलटलीस. ती थांबली नाही. पान पतंगाचं होतं आणि ती ससा-कासवाचं वाचत राहिली, बोटासकट. नंतर मी भांडी विसळत होते तिथे येऊन हळू म्हणालीस, “ताई, खारूला वाचता येत नाही. तिचं सगळं पाठ आहे.”

माझी मुलगी, माझा वर्ग, माझा विषय. दिव्याखाली अंधार म्हणतात, पण तो अंधार दुसऱ्याने बोट करून दाखवला की दिव्याला काय वाटतं, ते कुणी विचारत नाही. मी म्हटलं, सहा वर्षांची आहे, येईल हळूहळू, तू तुझी ब तुकडी सांभाळ.

मी दर बुधवारी जुन्या शिक्षकांच्या बैठकीमुळे उशिरा यायचे. एका बुधवारी बैठक झालीच नाही. जिना चढून आले तर दार लोटलेलं होतं आणि आत तुम्ही दोघी. खारू ‘दिवा’ या शब्दावर अडली होती. पहिली वेलांटी अक्षराच्या आधी काढायची आणि नंतर म्हणायची, तिथे निम्मी पोरं अडतात. तू म्हणालीस, बोट वेलांटीवर थांबवू नकोस, तिच्यावरून उडी मारून ‘द’वर जा आणि मग मागे ये. मग खारूचा आवाज आला. द्… दि… दिवा. आणि ती हसली. धाकटे, ती तशी माझ्यापाशी कधी हसली नव्हती.

मी पायातल्या चपला काढून हातात घेतल्या आणि आवाज न करता खाली उतरले. चौकापर्यंत गेले, परत आले, पुन्हा गेले. नेहमीच्या वेळेला घरी आले आणि तुम्हाला विचारलं, काय चाललंय? तू म्हणालीस, काही नाही. खारूही म्हणाली, काही नाही. आईला एकदम दाखवायचं असं तुमचं ठरलं होतं, हे मला पुढे कळलं. त्या क्षणी मला एवढंच दिसलं की माझ्या घरात दोघींचं एक गुपित आहे आणि त्यात मी नाही.

बाळंतपणात कळा मी सोसल्या. पहिलं पाऊल मी पाहिलं, पहिला दात मला दिसला. पहिला शब्द तू नेलास.

हे लिहिणार नव्हते. लिहिलं गेलं.

ताई

१९ ऑगस्ट

धाकटे,

तुझं कार्ड प्रशिक्षणाच्या आदल्या दिवशी मिळालं. तीन ओळी. पत्रं मिळाली, प्रशिक्षणाला ये, डबा राहू दे. खाली सहीसुद्धा पूर्ण नावाने. मी ते कार्ड पर्समध्ये घालून आले होते. का, ते विचारू नकोस.

आता तीन दिवसांबद्दल.

चाळीसजणींत मी शेवटच्या रांगेत बसले होते. तू आलीस तेव्हा प्रथम तुझी साडी पाहिली, मग तुझे पिकलेले केस. माझ्याआधी पिकले. त्याचंही मला क्षणभर बरं वाटलं, इतकी मी पोचलेली आहे. तू हजेरी घेतलीस, माझं नाव आलं, तू मान वर न करता पुढचं नाव घेतलंस.

पहिल्या दिवशी मी काही ना काही खोट काढायला बसले होते. एवढ्या बायका, काहीतरी चुकशील, अडखळशील. तू अडखळली नाहीस. कुणी म्हणालं, आमची मुलं गरीब घरची आहेत, आईवडील निरक्षर आहेत, तर तू म्हणालीस, मग तर आवाज जोडायला शाळेतच शिकायला हवं, घरी कोण शिकवणार? सगळ्या वह्यांवर वाकल्या. मीही वहीत उतरवून घेतलं, आणि उतरवून घेतलं म्हणून स्वतःवर चिडले.

दुसऱ्या दिवशी तू एकेकीला फळ्याशी बोलावलंस. माझ्या वाट्याला ‘कप’ आला. एकवीस वर्षांच्या सवयीने मी म्हटलं, कऽअ, पऽअ. तू म्हणालीस, “बाई, ‘क’ला शेपूट नको. शेपूट लावलं तर मूल ‘कअपअ’ म्हणतं आणि त्याला कप सापडत नाही. पुन्हा म्हणा.”

बाई म्हणालीस. ताई नाही.

मी पुन्हा म्हटलं, पुन्हा शेपूट आलं. मागे कुणीतरी हसलं. तिसऱ्यांदा तू माझ्याजवळ आलीस, स्वतःच्या गळ्यावर हात ठेवून आवाज तोडून दाखवलास. नऊ वर्षांची असताना तू फ्रॉकच्या खिशात खडू घेऊन माझ्या मागे मागे फिरायचीस, ताई मला शिकव म्हणून. चौथ्यांदा मला जमलं. तू ‘छान’ म्हणालीस, जसं सगळ्यांना म्हणत होतीस तसंच.

जेवणाच्या सुट्टीत तू खिडकीपाशी उभी होतीस. मी डबा घेऊन तुझ्या दिशेने निघाले होते. तेवढ्यात दोघीतिघी तुझ्याभोवती जमल्या, त्यांच्या वर्गातलं काही सांगायला लागल्या, आणि तू त्यांच्याकडे ज्या लक्षाने बघत होतीस ते पाहून माझे पाय तिथेच थांबले. मी परत जागेवर जाऊन जेवले. शेवटच्या दिवशी प्रमाणपत्रं वाटायच्या आधी निघाले. तुझ्या हातून घ्यायचं नव्हतं म्हणून. माझं प्रमाणपत्र शाळेच्या पत्त्यावर पाठव.

तपासणीच्या दिवसाबद्दल तू तीन दिवसांत एक शब्दही काढला नाहीस. मी वाट बघत होते. तू विचारलं असतंस तर मी तेच सांगितलं असतं, घाईत राहून गेलं. उत्तर तयार ठेवून बसलं आणि कुणी विचारलंच नाही, की ते उत्तर तोंडात आंबतं.

एक मात्र प्रामाणिकपणे लिहिते. तुझं शिकवणं चांगलं आहे. मला आवडलं नाही, पण चांगलं आहे.

ताई

७ सप्टेंबर

धाकटे,

आज रविवार आहे, दुपार आहे, घरात शांतता आहे. हे पत्र मी आधी तीनदा फाडलंय. या वेळी फाडणार नाही असं ठरवून बसलेय.

परत आल्यावर मी वर्गात तुझ्या पद्धतीने शिकवायला घेतलं. ब तुकडीच्या बाईंनी सुरू केलं होतं आणि त्या माझ्या पुढे जाऊ नयेत म्हणून. सुरुवात तशीच झाली, लपवत नाही. माझ्या वर्गात एक मुलगी आहे. जून महिन्यापासून तिने वर्गात तोंड उघडलं नव्हतं. मी तिला मुकी समजायला लागले होते. परवा फळ्यावर ‘नळ’ लिहिला आणि सहज तिच्याकडे पाहिलं. तिचे ओठ हलत होते. मी जवळ जाऊन वाकले. न… ळ… म्हणत होती, बिनशेपटीचं. मग तिने माझ्याकडे पाहिलं आणि एकदम म्हणाली, “बाई, आपल्या मोरीतला नळ.”

मला खाली बसावं लागलं. मुलांना वाटलं बाईंना चक्कर आली.

एकवीस वर्षांत शेकडो मुलं माझ्या हाताखालून वाचायला लागली असतील. पण ती केव्हा वाचायला लागली हे मला कधी दिसलं नव्हतं. पाठ करता करता कधीतरी त्यांची ती शिकली. तो क्षण काय असतो ते मी परवा पाहिलं. आणि तुझ्याकडून त्या दिवशी मी काय हिसकावून घेतलं, ते मला कळलं. कारण तुझ्या वर्गात अशी बत्तीस मुलं होती.

तर आता तपासणीचा दिवस.

तू वर्गात होतीस. साहेब मोठ्या बाईंच्या खोलीत बसले होते आणि जुनी शिक्षिका म्हणून मला बोलावलं होतं. त्यांनी विचारलं, दोन्ही तुकड्यांना काय वाचायला देऊ? तुझी यादी माझ्या पर्समध्ये होती. तू सकाळी माझ्या हातात देऊन म्हणाली होतीस, ताई, त्यांना एवढंच सांग की यातल्या अक्षरांचं काहीही द्या, अगदी न पाहिलेलंही, मुलं वाचतील. मी पर्स उघडली. यादी हाताला लागली. मी रुमाल काढला आणि पर्स बंद केली.

मी विसरले नव्हते. मी ती मुद्दाम दिली नाही.

माझ्या तुकडीसाठी मी तिसरा धडा सांगितला, जो त्यांना झोपेतही पाठ होता. तुझ्या तुकडीसाठी अकरावा सांगितला. ‘प्रकाश’, ‘स्वच्छ’, ‘रस्त्यावर’, सगळी जोडाक्षरं. तुझी मुलं जोडाक्षरांपर्यंत पोचायची होती, हे मला माहीत होतं. ती अडखळली, एक मुलगी रडली, आणि साहेबांनी शेरा मारला, मुलांना पाठ्यपुस्तक वाचता येत नाही. त्या शेऱ्यावर तुझी जागा गेली. हे प्रशिक्षणाचं काम मिळण्याआधी त्याच शेऱ्यामुळे तुला दोन शाळांनी घेतलं नाही, हे मला लोकांकडून कळत होतं. कळलं की मी हळहळ व्यक्त करत होते.

तू विचारलंस, ताई, यादी दिलीस ना? मी म्हटलं, अगं, राहूनच गेली. तू माझ्याकडे बघत राहिलीस. तुला तेव्हाच कळलं होतं. तरी तू आरडाओरडा केला नाहीस, बॅग भरलीस. आरडाओरडा केला असतास तर मला सोपं गेलं असतं.

मला खारूच्या हसण्याचा सूड घ्यायचा होता. याहून मोठं कारण माझ्याकडे नाही. मत्सर म्हणतात तो हाच असावा. आणि तू गेल्यावर मला काय मिळालं? खारू पुढचं स्वतःच्या स्वतः शिकली. गॅलरीत बसून पुस्तकं वाचते. मी गेले की पुस्तक मिटते. दोन वर्षांत तिने माझ्यापुढे एक ओळ मोठ्याने वाचलेली नाही, आणि का वाचत नाहीस हे विचारायची मला हिंमत झालेली नाही.

शुक्रवारी मी मोठ्या बाईंना सगळं सांगितलं. त्या बराच वेळ पेपरवेट फिरवत बसल्या. मग म्हणाल्या, दोन वर्षं उशीर केलात, बाई. शेऱ्याखाली खरं काय झालं ते माझ्या सहीने लिहून घेतलंय आणि त्याची प्रत वर पाठवली आहे. माझ्यावर काय व्हायचं ते होईल. पहिलीचा वर्ग बहुधा काढून घेतील. स्टाफरूममध्ये काल माझ्या शेजारची खुर्ची रिकामीच होती.

माफ कर असं लिहिण्यासाठी

८ सप्टेंबर

धाकटे,

वरचं वाक्य अर्धंच आहे, कारण तिथे दारावरची बेल वाजली. शेजारच्या काकू इस्त्रीचे कपडे चुकून आमच्याकडे आलेत का ते विचारायला आल्या होत्या. त्यांचं ऐकून घेऊन आत आले तर खारू टेबलाशी उभी होती आणि हे पत्र वाचत होती. ओळीखाली बोट धरून.

माझ्या मनात पहिल्यांदा जे आलं ते सांगते. ओढून घ्यावं. मी हात पुढेही केला होता. तिने वर पाहिलं आणि विचारलं, “मुद्दाम म्हणजे ठरवून ना?”

मी म्हटलं, हो, ठरवून.

ती पुन्हा खाली बघून वाचायला लागली. या वेळी मोठ्याने. मी खुर्चीवर बसले. दोन वर्षं ज्याची वाट पाहिली ते माझी मुलगी माझ्यासमोर करत होती, आणि वाचत होती ती माझंच हे. कुठे थांबवायचं होतं मी तिला? तिने तिसरा धडा वाचला, अकरावा धडा वाचला, बॅग भरलीस ते वाचलं. माझं अक्षर घाईचं आहे, त्यामुळे मधे मधे अडत होती आणि स्वतःच सुटत होती. ‘मत्सर’ला मात्र अडली. मत… मतसर… असं दोनदा झालं.

मी उठून तिच्या मागे उभी राहिले. तिच्या बोटाशेजारी माझं बोट ठेवलं. ‘त’ अर्धा आहे, त्याला शेपूट नको, म्हटलं, पटकन सोडून दे आणि ‘स’ला चिकटव. तिने केलं. मत्सर. मग विचारलं, म्हणजे काय?

पुस्तकातला अर्थ मला पाठ आहे. तो सांगितला नाही. म्हटलं, मावशी तुला शिकवत होती आणि तू हसत होतीस, तेव्हा आईच्या पोटात दुखायचं, ते.

तिने विचार केला. विचारलं, “अजून दुखतं?”

म्हटलं, कमी झालंय. पण दुखतं.

तिने पुढचं वाचून संपवलं, अर्ध्या वाक्यापर्यंत. गॅलरीत पुस्तक मिटते ते वाचताना तिचे कान लाल झाले. मग म्हणाली, ते तू मावशीला कशाला सांगितलंस, मला विचारायचंस ना. मी म्हटलं, आता विचारते. तर म्हणाली, मी वाचायला लागले की तुझं तोंड रडल्यासारखं व्हायचं, म्हणून मिटत होते.

मला वाटत होतं तिला माझा राग आहे. ती मला सांभाळत होती.

माफ कर असं लिहिण्यासाठी मी बसले होते. ते लिहिते. माफ कर. तू करशील असं गृहीत धरलेलं नाही. तुझ्या नोकरीचं जे गेलं ते माझ्या सहीने परत येणार नाही, हे मला कळतं. मोठ्या बाई म्हणाल्या, पुढच्या महिन्यात तुला इथल्या वर्गांची पाहणी करायला बोलावणार आहेत. येशील तेव्हा मी पहिलीवर असेन किंवा नसेन. उतरायला तुझी खोली आहे, पण तू दुसरीकडे उतरलीस तर मी कुणाला काही विचारणार नाही.

आणि तू आलीस, आणि खारू माझ्याआधी तुझ्याकडे धावली, तर मला दुखणारच आहे. ते मी आत्ताच सांगून ठेवते. दुखेल, आणि मी स्वयंपाकघरात जाऊन चहा टाकेन.

पत्राची घडी खारूने घातली आहे. वाकडी झाली आहे, तशीच पाठवते.

ताई